दुसऱ्याच्या घोट्यावरचं पिस्तूल

मस्कतमधल्या गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात माझं फोम आणि रेक्झिनचं दुकान आहे. म्हणजे दुकान ओमानी मालकाचं, मी धनंजय तिथला सेल्समन. पण वर्षानुवर्षं किल्ली माझ्याच खिशात असल्यामुळे सगळे मला शेठ म्हणतात आणि मीही कुणाची चूक सुधारत नाही. समोरच्या गाळ्यात गाड्यांच्या सीटा शिवतात. माझ्या काउंटरवरून तो गाळा अगदी आरपार दिसतो, मागच्या नळापर्यंत. त्यामुळे दुकानात टीव्ही घ्यायची मला कधी गरज वाटली नाही.

मत्सराला लोक उगाच नावं ठेवतात. शेजाऱ्याचं बघून पोटात दुखलं नसतं तर आपल्यापैकी निम्मे लोक घरातून निघालेच नसते, आणि मस्कतच्या विमानांत डास मारत बसले असते पायलट. पण मत्सर मिठासारखा असावा. समोरच्या गाळ्यातल्या जैनुद्दीनचा मत्सर हा मिठाच्या भांड्यात पडलेला भात होता.

जैनुद्दीन दाभोळच्या खाडीकाठचा. हाताला तोड नाही. लँड क्रूझरच्या सीटची दोरी-शिलाई खडूची रेघ न मारता सरळ घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण त्याचे हात आपल्या कामावर असले तरी डोळे कायम शेजारच्याच्या ताटात. मेसमध्ये सुरमईचा तुकडा दुसऱ्याला मोठा आला की ह्याचं जेवण गेलं. कुणाला तिकीट स्वस्तात मिळालं की हा शुक्रवारपर्यंत तोंड पाडून बसायचा. एकदा गाळ्यातला एक जण कावीळ होऊन पडला, तर हा मला म्हणाला, "बघा शेठ, नशीब लागता. त्याला आराम. आमाला साधी सर्दी पन होत नाय."

अशा माणसाच्या शेजारच्या मशीनवर देवाने दयानंदला आणून बसवलं.

दयानंद कोल्हापूरकडचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या चपला करायचं काम, त्यामुळे चामडं त्याला हाताला लागताच कळायचं. हा मागून आलेला, वयाने लहान, आणि त्याच्यात एक मोठा दोष होता: आपल्यावर कुणी जळतंय हे त्याला कळायचंच नाही. जैनुद्दीनने टोमणा मारला की हा हसायचा. चहा आला की पहिला कप जैनुद्दीनपुढे सरकवायचा. "घ्या की जैनूभाई." जैनुद्दीन तो कप घ्यायचा आणि मग माझ्याकडे येऊन सांगायचा, की बघा, मला म्हातारा ठरवतोय.

एरवी हे असंच चाललं असतं. पण गाळ्याचा जुना फोरमन कायमचा गावी परत गेला आणि खुर्ची रिकामी झाली. नुसती खुर्ची असती तर गोष्ट वेगळी. फोरमनच्या पगारावर बायकोमुलांचा व्हिसा होतो, आणि अर्बाबच्या, म्हणजे त्या गाळ्याच्या ओमानी मालकाच्या, अल अमेरातमधल्या घरामागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड आहे, ते फोरमनला मिळतं. जैनुद्दीनची बायको शकीला आणि मुलगी उजमा तिकडे गावात. लग्न झाल्यापासून शकीलाने नवरा पाहिला तो रजेपुरता. तिकडे दयानंदची उत्तराही तशीच वाट बघत होती. एक बिऱ्हाड आणि दोन संसार. अर्बाब हमूद भला माणूस, पण निर्णय घ्यायचा म्हटला की त्याचं उत्तर ठरलेलं: इन्शाल्ला, ईदनंतर.

ईदच्या आधी सैफ आला.

सैफ हा अर्बाबच्या बायकोच्या नात्यातला. फौजेतून निवृत्त होऊन एका बड्या माणसाचा अंगरक्षक झालेला. त्याच्याकडे सरकारी परवान्याचं लहानसं पिस्तूल होतं. ते ऐकूनच आम्ही सगळे दोन पावलं मागे सरकलो, कारण इथे आपल्यासारख्याने बंदुकीचं नाव काढणंही शहाणपणाचं नाही. सैफला ते पिस्तूल घोट्यावर बांधायला चामड्याचं होल्स्टर हवं होतं, म्हणजे पट्ट्याने पायाला धरून राहणारं म्यान. त्याचं म्हणणं सोपं होतं. दिशदाशा हा पायघोळ अंगरखा, त्यात कमरेला काही लावलं की फुगवटा दिसतो. समारंभाला कमरेवर खंजर असतो, तिथे दुसऱ्या कशाला जागाच नाही. कोट तो घालत नाही. आणि दिवसाचा निम्मा वेळ साहेबाच्या गाडीत पट्टा लावून बसायचं, तेव्हा कमरेपर्यंत हात जात नाही, पण पाय मात्र जवळ असतो. शिवाय माणूस माणसाच्या तोंडाकडे बघतो, हाताकडे बघतो. घोट्याकडे कोण बघतं?

बाजारात मिळणारी होल्स्टरं बूट-मोजे घालणाऱ्यांसाठी केलेली. सैफ घालायचा चपला. उघड्या पायाला ती सोलून काढत. म्हणून तो अर्बाबकडे आला होता, आणि अर्बाबने एकदाही जैनुद्दीनकडे न बघता दयानंदला हाक मारली.

"दयानंद पाँव का काम जानता," अर्बाब म्हणाला.

झालं. त्या दिवशी जैनुद्दीन माझ्या दुकानात येऊन फोमच्या गठ्ठ्यावर असा बसला की फोमलाही दया यावी. "सीटा शिवायला जैनुद्दीन, आनी घरचा काम आला की चपला शिवणारा! शेठ, ह्या होल्स्टर नाय, ही फोरमनची चिठ्ठी हाय. ता काम नीट झाला की संपला."

खोटं बोलत नव्हता तो. गाळ्यात सगळ्यांना तसंच वाटत होतं.

खरं पिस्तूल सैफने क्षणभरही हातातून सोडलं नाही. त्याने त्याच आकाराचा, आत शिसं भरून तेवढ्याच वजनाचा केलेला लाकडी तुकडा दिला. दयानंदने कच्चं होल्स्टर शिवलं, तो तुकडा त्यात घातला आणि स्वतःच्या घोट्यावर बांधला. वर अर्बाबची जुनी दिशदाशा. ती त्याला इतकी लांब होती की गाळ्यातल्या गाळ्यात चालताना तो हाताने सोगा उचलायचा. लोक हसून बेजार. जैनुद्दीन हसला नाही. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, असं म्हणतात. हा तर अक्षरशः वाकून बघत होता.

"लंगडतोस की रे," तो आनंदाने ओरडला. "एक पाय जड झाला तुझा. शंभर पावलांत कुनी पन वळखील."

दयानंद थांबला. दोनदा इकडून तिकडे चालला. "बरोबर बोललासा, जैनूभाई. वजन समदं खाली लोंबतंय." आणि संध्याकाळपर्यंत त्याने गुडघ्याखाली पोटरीला धरणारा दुसरा पट्टा जोडला. वजन वर उचललं गेलं, लंगडणं गेलं.

दुसऱ्या दिवशी जैनुद्दीन म्हणाला, "ह्या गरमीत चामड्याखाली घामोळा येईल. सैफ खाजवत बसंल का साहेबाला राखंल?"

"खरं हाय," म्हणून दयानंदने आतून मेंढीचं मऊ कातडं लावलं, हवेसाठी बारीक भोकं पाडली.

मग जैनुद्दीनने काढलं, की मजलिसमध्ये जमिनीवर मांडी घातली की सोगा वर जातो, सगळ्या पाहुण्यांना पिस्तुलाचं दर्शन. दयानंदने स्वतः मांडी घालून पाहिली आणि होल्स्टर डाव्या पायाच्या आतल्या अंगाला घेतलं, म्हणजे वरून उजवी पोटरी झाकण घालते. मग धुळीचं निघालं. जमिनीपासून वीतभर उंचीवर असलेली वस्तू, गालातली धूळ, पिस्तूल अडकेल. दयानंदने वर झडप शिवली.

एकच गोष्ट त्याला सुधारता आली नाही. जैनुद्दीन म्हणाला होता, "उभ्या मानसानं ता काडायचा म्हंजे आधी वाकायला होवा, सोगा उचलायला होवा, गुडगा टेकायला होवा. तवर समोरचा चाय पिऊन जाईल." दयानंदने ते सैफला जसंच्या तसं सांगितलं. सैफने मान डोलवली. "मालूम. ये गाडी के वास्ते. खडा रहेगा तो मेरा हाथ है." आणि जाताना दयानंदच्या पाठीवर थाप मारून गेला. थाप दयानंदच्या पाठीवर पडली आणि वळ जैनुद्दीनच्या पाठीवर उठला.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मला म्हणाला, "मी येडा का काय, शेठ? मी खोट काडतोय, तो सुदरतोय. माझ्या जिभेवर त्याचा होल्स्टर मोठा होतोय."

"मग गप्प बस," मी म्हटलं.

"आता गपच."

गप्प राहणं त्याला जड गेलं. दात दुखत असल्यासारखा तो दिवसभर गाल धरून मशीन चालवायचा. मान मात्र दयानंदकडे वळलेली. त्याची रांपी कशी फिरते, दाभण कुठून जातं, तो कुणाशी बोलतो, अर्बाब त्याच्यापाशी किती वेळ उभा राहतो. स्वतःच्या एका सीटला त्या आठवड्यात त्याने उलटं कापड शिवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि मग दुपारनंतरच्या, असरच्या नमाजाच्या वेळी तो मागच्या नळावर वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, बसला. हात, तोंड, डोकं झालं. डावा पाय नळाखाली धरला, बोटांच्या बेचक्यांतून करंगळी फिरवली, घोट्यावर पाणी घेतलं आणि तिथेच थांबला. पाणी वाहतंय आणि हा आपल्याच घोट्याकडे बघतोय.

नमाज आटोपून तो तडक माझ्याकडे आला. चेहरा असा फुललेला, जणू शकीलाचा व्हिसा हातात पडला. "शेठ, घोट्यापातुर पाय धुवायचा असता. दिवसात पाच टाइम. सैफ पक्का नमाजी. प्रत्येक टाइमाला पट्टे सोडनार, पिस्तूल काडनार, आनी ठेवनार कुटं? नळावर? साबनाच्या जागी?" तो इतका हसला की त्याला उचकी लागली. "ह्या दयानंदच्या सपनात पन नाय येनार."

"अरे मग सांग त्याला."

"का? मी त्याचा नोकर हाय? अर्बाबला दिसू दे, पायाचा काम कोन जानतो ता."

मी म्हटलं, बाबा, दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापू नकोस. त्याला ते ऐकू गेलं नाही. मत्सराने माणसाचे कान आधी जातात, असा माझा अनुभव आहे.

काम संपलं त्या दिवशी दयानंदने होल्स्टर जैनुद्दीनच्याच हातात ठेवलं. मी तेव्हा फोम पोचवायला तिथेच होतो. होल्स्टर देखणं झालं होतं, मधासारखा रंग, शिलाई मोत्यासारखी. दयानंदला सगळं माहीत होतं ते चामड्याचं आणि पायाचं. पाय दिवसातून किती वेळा धुतले जातात हे तो रोज दहा हातांवरून बघत होता, पण ते दुसऱ्याच्या देवाचं काम म्हणून मान दुसरीकडे वळवत होता. आपल्याकडे तीच सभ्यता.

"आता तुमी बगा, जैनूभाई. आनि काय ऱ्हायलंय का? तुमी बोलला म्हनून तर एवढं जमलं."

जैनुद्दीनने होल्स्टर उलटंसुलटं केलं. बक्कल उघडलं, लावलं. "काय नाय राहिला," तो म्हणाला. "फस्क्लास."

सैफ आला, बांधून बघितलं, गाडीत बसून बघितलं, खूश होऊन गेला. त्या संध्याकाळी जैनुद्दीनने सगळ्या गाळ्याला कडक चहा आणि पराठे दिले. दयानंदला वाटलं, आपल्या कौतुकाची पार्टी. हात जोडून थँक्यू म्हणाला. आणि जैनुद्दीनने माझ्या दुकानातून, माझ्या वायफायवर, शकीलाला फोन लावला. तो नेहमी स्पीकरवरच बोलतो. "तयारी कर," त्याने सांगितलं. "उजमाच्या शाळेचा दाखला काडून ठेव." तिकडून शकीलाचं हसू इतकं मोठ्याने आलं की माझं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

शुक्रवारी जे व्हायचं ते झालं. होल्स्टर पहिल्यांदाच कामावर बांधून सैफ जुम्म्याच्या गर्दीत साहेबाबरोबर मशिदीत गेला. वजूच्या ओट्यावर बसून सोगा वर केला, तेव्हा त्याला आपल्या पायावर काय आहे ते आठवलं. दोन पट्टे, दोन बक्कलं, एक झडप. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने पिस्तूल पाहिलं आणि तो अर्धा धुतलेला पाय घेऊन उठला. त्याच्यामागे ओटाच रिकामा झाला. साहेब दारात उभे. सैफ तसाच गाडीकडे पळाला, आणि त्याची जमात, म्हणजे सगळ्यांबरोबरची नमाज, चुकली.

शनिवारी सकाळी तो गाळ्यात शिरला आणि होल्स्टर टेबलावर आदळलं. पिस्तूल अर्थातच त्यात नव्हतं, तरी सगळे दचकले. मी रस्ता ओलांडून आत गेलो. अशा वेळी दुकान सांभाळत बसणारा माणूस मी नव्हे.

"मस्जिद में मैं किधर रखूँ?" सैफ गरजला. "इमाम के हाथ में दूँ?"

अर्बाबने दयानंदकडे बघितलं. दयानंदचा चेहरा उतरला होता. "गलती मेरी है, अर्बाब," तो म्हणाला. "मेरे ध्यान में नहीं आया."

जैनुद्दीन मशीनमागे उभा होता. त्याचे ओठ हलत नव्हते, पण अख्खा माणूस आतून हसत होता, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याची वेळ आली होती.

"तुम हिंदू आदमी," अर्बाब दयानंदला म्हणाला. "तुमको क्या मालूम." आणि मग तो सावकाश वळला. "जैनुद्दीन. तुम रोज इधर नल पर वजू करता. ये काम तुम्हारे सामने बना. तुम देखा नहीं?"

गाळ्यातली मशीनं एकेक करून थांबली. जैनुद्दीनने सगळा विचार केला होता, फक्त हा प्रश्न आपल्याला विचारला जाईल, एवढा सोडून. वजू चुकला तर हिंदूला कोण धरणार? त्याचा जाब मुसलमानालाच विचारला जाणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पण त्याची नजर दयानंदवरून हटली असती तर ना! आता दिसलं होतं म्हणावं, तर दगाबाज. नाही दिसलं म्हणावं, तर आंधळा. तो कितीतरी वेळ हाताला लागलेला दोरा गुंडाळत राहिला.

"ध्यान में नहीं आया, अर्बाब."

"तो इतना दिन तुम क्या देखा?"

  इतके दिवस तो काय बघत होता हे गाळ्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. दयानंदने मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या बिचाऱ्याला पहिल्यांदाच काहीतरी कळलं असावं.  टेबलावरचं होल्स्टर उचलून त्याने सैफला विचारलं, गाडीतच सीटखाली कायमचं बसवलं तर चालेल का, म्हणजे पायाला बांधायलाच नको. सैफचा राग जरा उतरला. विचार करून सांगतो म्हणाला.

अर्बाबने ईदची वाट बघितली नाही. "खलास," तो म्हणाला. "फोरमन दयानंद. उसको मालूम नहीं, तो पूछता है. तुमको मालूम है, फिर भी नहीं दिखता. ऐसा आदमी को मैं दस आदमी कैसे दूँ?" शिव्या दिल्या असत्या तर बरं, इतक्या शांतपणे तो बोलला.

दिवेलागणीला, मगरिबच्या नमाजानंतर, जैनुद्दीन माझ्याकडे आला.  त्याने फोमच्या गठ्ठ्यावर बसून फोन काढला, सवयीने स्पीकर लावला आणि शकीलाला जे झालं ते सांगितलं. होल्स्टर, वजू, मशीद, बिऱ्हाड दयानंदला. सांगताना तो स्वतःला वाचवत वाचवत सांगत होता, अर्बाब कसा एका बाजूचा, दयानंद कसा आतल्या गाठीचा.

शकीलाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने एवढंच विचारलं, "अर्बाबला तुमी काय सांगितला?"

"सांगितला, ध्यानात नाय आला."

"तुमच्या?" ती म्हणाली. "सपनात पन उटून वजू करनाऱ्या मानसाच्या ध्यानात नाय आला?"

जैनुद्दीनने फोन या हातातून त्या हातात घेतला.

"म्हंजे आला होता." तिकडे मागे उजमा काहीतरी विचारत होती, शकीलाने तिला गप्प केलं. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दाखला काडलाय मी पोरीचा. साऱ्या गावाला सांगून बसलीय. माला एक सांगा. तुमाला आमी यायला होवी होतो, का तो पडायला होवा होता?"

मी गिऱ्हाइकाचं निमित्त करून उठणार होतो, पण दुकानात कुणी नव्हतं. जैनुद्दीनने तोंड उघडलं. मला वाटलं आता बोलेल. समोरच्या गाळ्यात दिवा चालू होता, बाकीचे घरी गेले होते आणि दयानंद एकटाच मशीनवर वाकला होता. जैनुद्दीनची नजर रस्त्यापलीकडे गेली आणि तिथेच अडकली.

"आयकता ना?" शकीलाने विचारलं.

"अजून शिवतोय बघ तो," जैनुद्दीन म्हणाला.